मुलुंड ते मढ, दोन विश्वं काखेत घेऊन

आमच्या मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर युरोप न केलेली मी एकटीच उरले आहे. बाकी सगळ्यांनी आल्प्सच्या पायथ्याशी वरणभात खाल्ला आहे आणि परत येऊन त्याचं वर्णन आम्हाला हप्त्याहप्त्याने ऐकवलं आहे. म्हणून गेल्या महिन्यात मीही एक प्रवास केला. मुलुंडहून मढला गेले. तीन दिवस लागले. हा वेग बैलगाडीलासुद्धा कमीपणा आणणारा आहे, मान्य. पण निघायलाच मला पन्नास वर्षं लागली होती, तेव्हा तीन दिवसांचं कोणी मनावर घेऊ नये.

निमित्त झालं आमची इमारत पाडण्याचं. रीडेव्हलपमेंट म्हणजे काय, हे मुंबईच्या उपनगरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. माळा रिकामा करायचा होता. दोन पितळी पातेली, एक मोडका पाळणा आणि पायजम्याच्या नाडीने बांधलेली कागदाची एक लांब गुंडाळी खाली आली. नाडी सोडली तर आत एक नाही, दोन चार्ट. बाहेरचा माझा होता. त्यावर माझ्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘विश्व : ना आदि, ना अंत’. त्याच्या पोटात दुसरा, पातळ कागदाचा. त्यावर शीर्षक होतं, ‘क्वेसार सांगतात : विश्वाला सुरुवात आहे’. खाली नाव, फिलोमिना, इयत्ता नववी. आणि मागच्या बाजूला लाल शाईत माझा शेरा : ‘उशिरा. वजा अर्धा.’

मी तिथेच जमिनीवर बसले. सुनेला वाटलं चक्कर आली.

हे सगळं घडलं तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. बी.एस्सी. बी.एड., अंधेरीच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायची आणि जगातलं मला सगळंच ठाऊक होतं. कडक स्टार्चची सुती साडी, छातीशी हजेरीपट, हातात लाल पेन. ती बाई आज मला समोरून येताना दिसली तर मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाईन. तिचा एक नियम होता आणि त्याचा तिला अभिमान होता. गृहपाठ एक दिवस उशिरा आला, अर्धा मार्क कमी. वर्गात उशिरा आलात, अर्धा मार्क कमी. कारण सांगितलंत, तर ते ऐकून घेऊन मग अर्धा मार्क कमी.

आणि या बाईंचा ठाम विश्वास होता की विश्वाला सुरुवातच नाही. ते होतं, आहे आणि असंच राहणार. पसरतं खरं, पण पसरून जी जागा मोकळी होते तिथे नवं द्रव्य आपोआप तयार होतं, त्यामुळे कुठल्याही काळी बघा, विश्वाचा चेहरा तोच. हे मला कॉलेजात एका सरांनी शिकवलं होतं. सर दिसायला बरे होते. आज खरं सांगायला हरकत नाही, माझ्या सिद्धान्तनिष्ठेतला निम्मा वाटा सरांच्या खादीच्या कुर्त्याचा होता. शिवाय वर्गातही या सिद्धान्ताची सोय होती. ‘बाई, त्याच्या आधी काय होतं?’ असं विचारणाऱ्या पोराला एका वाक्यात खाली बसवता यायचं.

विज्ञान प्रदर्शनात माझा चार्ट मधल्या भिंतीवर लागला होता. फिलोमिना मढहून रोज होडीने वर्सोव्याला यायची आणि तिथून चालत शाळेत. आठवड्यातून दोनदा तरी उशीर. कारण नेहमी एकच : ‘बाई, ओहोटी होती.’ प्रदर्शनाच्या दिवशीही ती पाऊण तास उशिरा आली. गुडघ्यापर्यंत चिखल आणि डोक्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला चार्ट. ‘बाई, ओहोटी होती.’ मी म्हटलं, समुद्र काय रोज तुझ्यासाठीच आटतो का गं? मुलं हसली. मला विनोद जमल्यासारखं वाटलं. चार्ट घेतला, शीर्षक वाचलं, मागे शेरा मारला आणि तो कपाटात ठेवून दिला. नियम म्हणजे नियम. खरं कारण नियम नव्हतं, शीर्षक होतं. हे मला तेव्हाही कळत होतं आणि परवा माळ्याखाली बसल्यावरही कळलं.

वर्ष संपलं, कपाट आवरलं, चार्ट माझ्या चार्टात गुंडाळून घरी आला. मग लग्न, मग मुलुंडची शाळा. द्यायचं राहून गेलं असं आपण म्हणतो. राहून काही जात नसतं, आपण ठेवलेलं असतं.

पन्नास वर्षांनी मी तो चार्ट पहिल्यांदा वाचला. वीस मिनिटं लागली आणि वाचून झाल्यावर माझ्या विश्वाचा निकाल लागला होता.

फिलोमिनाने समुद्र काढला होता. खाली काठावर परकर-पोलक्यातली एक मुलगी उभी. समोर पाणी आणि पाण्यावर बत्त्या लावलेल्या होड्या. काठाजवळ एखाददुसरी, लांबवर मात्र बत्त्यांची नुसती दाटी. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं. क्वेसार दुर्बिणीतून ताऱ्यासारखे टिंबाएवढे दिसतात, पण ते तारे नाहीत. ते फार फार लांब आहेत. एवढ्या लांबून दिसतात म्हणजे एकेकाची बत्ती अख्ख्या आकाशगंगेहून प्रखर आहे. प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून लांबचं बघणं म्हणजे जुनं बघणं. काठाजवळची बत्ती आजची, क्षितिजावरची अब्जावधी वर्षांपूर्वीची. आता विश्व जर सगळ्या काळी सारखंच असतं, तर बत्त्या जवळही तितक्याच दाट दिसल्या असत्या. तशा दिसत नाहीत. म्हणजे पूर्वी बत्त्या पुष्कळ होत्या, आता विझल्या. म्हणजे विश्व बदलतं, त्याला वय आहे. आणि शेवटची ओळ : ‘ज्याला वय आहे त्याचा कधीतरी जन्म झाला असणार, असे मला वाटते.’

‘असे मला वाटते.’ चौदा वर्षांच्या मुलीने लिहिलं होतं हे. पंचवीस वर्षांच्या बाईंच्या चार्टावर ‘असे मला वाटते’ कुठेही नव्हतं.

पहिला दिवस : घाटकोपर

फिलोमिनाचा पत्ता एकाच बाईकडे मिळण्यासारखा होता, सुलभाकडे. ही आमच्या शाळेची चित्रकलेची बाई, आता घाटकोपरला असते. मुलुंडहून बसने निघाले. गुंडाळी उभी धरली तर बसच्या छताला लागायची, आडवी धरली तर पुढच्या माणसाच्या मानेला. मी पुढचा माणूस निवडला.

घाटकोपर हा मुलुंडकरांना वाटतो तसा शेजारचा गाव नाही, वेगळा प्रांत आहे. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, आणि गप्पा लांबल्याच तर चिवडा. तिथे दार उघडायच्या आत फाफडा-जलेबी समोर येते. सुलभा चाळीस वर्षं गुजराती शेजारात राहून आता कोशिंबिरीतही साखर मुठीने घालते. मी नाक मुरडलं, तर म्हणाली, ‘‘निमे, तू तेव्हाही चव न घेता शेरा मारायचीस.’’

चार्ट पसरला. सुलभा चित्र बघत राहिली, बत्त्यांना पिवळ्यात नारिंगी मिसळलाय, चांगला हात होता पोरीचा, म्हणाली. मग चष्मा काढून तिने मला विचारलं, तो माणूस तुला आठवतो का. कुठला माणूस? मला खरंच आठवत नव्हतं. माझी आठवण फार शहाणी आहे, जे माझ्या अंगाशी येईल ते ती आधीच बाजूला ठेवते.

प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी एक कोळी आला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, धंद्याचा दिवस बुडवून. फिलोमिनाचा बाप. पोरीने सांगितलं होतं, माझं चित्र भिंतीवर लागणार आहे. त्याने एकेक भिंत बघितली, एकेक टेबल बघितलं. मग माझ्याजवळ येऊन विचारलं, आमच्या फिलोमिनाचं कुठं हाय?

‘‘तू काय म्हणालीस माहितीये?’’ सुलभा म्हणाली. ‘‘वेळेवर आलं नाही. एवढंच. वर बघितलंसुद्धा नाहीस. तो पुन्हा एकदा सगळ्या भिंती बघून गेला. मी कपाट उघडायला हवं होतं. मीही नाही उघडलं.’’

जलेबी हातात होती ती मी खाली ठेवली. सुलभाने सांगितलं की मढला चर्चपाशी विचारलं की घर सापडेल. बाप आहे की नाही ठाऊक नाही. असला तर नव्वदीचा.

आतापर्यंत मी एक कागद परत करायला निघाले होते. घाटकोपरहून परतताना लक्षात आलं की कागद पोरीला द्यायचा नाही, बापाला दाखवायचा आहे. आणि तो माणूस जर गेला असेल तर हा कागद कोणाला देऊन काही उपयोग नाही.

दुसरा दिवस : वर्सोवा

घाटकोपरहून मेट्रो थेट वर्सोव्याला जाते. आमच्या वेळी पूर्वेकडून पश्चिमेला जायचं म्हणजे डबा घेऊन निघायचं काम होतं. आता वीसेक मिनिटांत थंड हवेत, उभ्या इमारतींच्या गच्च्या बघत. मधे अंधेरी लागली. खिडकीतून माझी शाळा शोधली. त्या जागी निळ्या पत्र्यांचं कुंपण आणि एक क्रेन होती.

पण त्याआधी घाटकोपरला तपासणी झाली. गुंडाळी मशीनमध्ये मावेना. तपासणीवरच्या बाईने विचारलं, ‘‘माताजी, ये क्या है?’’ मी खरं ते सांगितलं, दो ब्रह्मांड हैं, एक गलत है. तिने खोलून दाखवायला लावलं. मागे रांग लागली. तिने दोन्ही चार्ट शांतपणे बघितले आणि होड्यांच्या चार्टावर बोट ठेवून म्हणाली, ये सही वाला होगा. मला बी.एस्सी. करून जे जमलं नाही ते तिला रांग थांबवून दहा सेकंदांत जमलं.

वर्सोव्याच्या जेटीवर पोचले तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. समोर खाडी होती. खाडीत पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण मधे एक बारीक पट्टा, आणि अलीकडे नुसता काळा, चकचकीत चिखल. त्यात होड्या कुशीवर पडून झोपलेल्या. जेटीवर जाळं विणत बसलेल्या माणसाला विचारलं, होडी कधी सुटणार. तो म्हणाला, ‘‘पानी नाय बाय. अवसेची ओहोटी हाय. आता रातचं बघा.’’

मी तीस वर्षं भरती-ओहोटी शिकवली आहे. चंद्र, सूर्य, पृथ्वी एका रेषेत, अमावास्येला उधाण, भरती मोठी तशी ओहोटीही मोठी. फळ्यावर आकृती काढून, बाणांसह. घरातून निघताना कॅलेंडरवर अमावास्या बघितली होती ती केस धुवायचे की नाही ठरवायला.

तास झाला, दीड तास झाला. उन्हाने डोळ्यांपुढे काजवे दिसायला लागले. एक मासळीवाली रिकामी पाटी उलटी करून म्हणाली, बसा आजी. मी पाटीवर बसून चिखल बघत राहिले. माझ्या वर्गातली एक मुलगी हा चिखल गुडघ्यापर्यंत तुडवून, डोक्यावर चार्ट धरून आली होती आणि मी तिला विचारलं होतं, समुद्र काय तुझ्यासाठीच आटतो. समुद्र माझ्यासाठीही आटला होता. फरक एवढाच की माझे मार्क कोणी कापत नव्हतं.

मुलाचा फोन आला, आई, मालाडवरून रिक्षाने जा ना, रस्ता आहे की. रस्ता आहे हे मलाही माहीत होतं. पण फिलोमिना त्या रस्त्याने आली नव्हती. ऊन सोसेना आणि रात्रीची होडी नको वाटली, तेव्हा आल्या वाटेने मुलुंडला परत गेले. इतिहासात वर्सोव्यापर्यंत जाऊन परत फिरलेला प्रवासी मी एकटीच असेन.

तिसरा दिवस : मढ

या वेळी भरतीची वेळ काढून निघाले. होडी भरलेली होती. दोन मोटरसायकली, एक बकरी, कोथिंबिरीची पोती आणि मी. पलीकडे पोचायला पाच मिनिटं. पन्नास वर्षांचं अंतर एवढंसं निघालं, याचा मला राग आला. उतरताना माझा तोल गेला, गुंडाळीचं टोक पाण्यात बुडालं, आणि बकरीच्या मालकिणीने मला नव्हे तर आधी गुंडाळीला धरलं. बाहेरचा कागद भिजला. तो माझाच होता.

मढ म्हणजे मुंबईच आहे असं मुंबई महानगरपालिका म्हणते. चर्च, नारळ, दोऱ्यांवर वाळणारे बोंबील, आणि मधेच मोठ्या फाटकांचे बंगले, ज्यांत कोणी राहत नाही, फक्त मालिकांमधली कुटुंबं भांडतात. मुलुंडला वास येतो तो फोडणीचा, इथे वास येतो तो थेट समुद्राचा, मधे कोणी नाही. चर्चपाशी विचारलं. एका बाईने सांगितलं, फिलोमिनाचं घर ना, आज तिच्या अंगणात शूटिंग हाय, धूर दिसंल तिथं जा.

धूर दिसला. अंगणात काळा पडदा ताणलेला, खाली धूर सोडायचं यंत्र, जटावाला एक ऋषी खुर्चीवर बसून बिस्किट खात होता, दाढी एका कानावर अडकवून. पौराणिक मालिका होती. मी फाटकातून आत पाऊल टाकलं तर डोक्याला रुमाल बांधलेला एक माणूस माझ्यावरच ओरडला, ‘‘आंटी, रुको, सृष्टि की उत्पत्ति चल रही है.’’

मी थांबले. न थांबून सांगते कोणाला. धूर सुटला, दिवे लागले, ऋषी म्हणाला की आरंभी काहीच नव्हतं, आणि मागे कोंबडा आरवला. कट. पुन्हा धूर, पुन्हा आरंभी काहीच नव्हतं, या वेळी होडीचं इंजिन. कट. विश्वाची सुरुवात एकदाही झाली नाही असं मी चार वर्षं मुलांना शिकवलं होतं. इथे अर्ध्या तासात सहा वेळा झाली.

‘‘बाई?’’

पायरीवर चष्म्याची एक बाई उभी होती, केस पांढरे, सलवार-कमीज, हातात चहाची किटली. मी ओळखलं नाही. तिने ओळखलं. म्हणाली, चालण्यावरून ओळखलं, तुम्ही अजून वर्गात शिरल्यासारख्या शिरता.

मी वाटेत एक भाषण तयार केलं होतं. त्यात असं गृहीत होतं की माझ्यामुळे या मुलीचं शिक्षण सुटलं, ती बिचारी आयुष्यभर बोंबील वाळवत बसली, आणि आता एक वृद्ध शिक्षिका तिला जवळ घेते. भाषण चांगलं होतं. फिलोमिनाने बी.एस्सी. केलं होतं, मग एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं नोकरी, रिटायर होताना विभागप्रमुख. रंगावर प्रकाश टाकून कुठल्या लहरी शोषल्या जातात त्याच्या रेघा बघायच्या, हे तिचं काम. ‘‘क्वेसारचंही तेच असतं ना बाई,’’ ती चहा ओतता ओतता म्हणाली. ‘‘हायड्रोजनच्या रेघांची ठेवण तीच, नुसती सगळी लालकडे सरकलेली. पहिल्यांदा कोणाला ओळखूच आली नाही, एवढी सरकलेली होती. विश्व पसरतंय म्हणून.’’ भाषण मी गिळलं. चहाबरोबर फुगे होते, तळलेले, आत पोकळ, वरून गोडसर, आणि शेजारी बाटलीत वर्षभर भरून ठेवतात त्या बाटली मसाल्यातली कोलंबी. भाषणापेक्षा हे बरं उतरलं.

मग मी गुंडाळी तिच्या मांडीवर ठेवली. नाडी सोडताना तिचे हात थांबले. चार्ट उलगडला, मग उलटा केला, शेरा वाचला. मी म्हटलं, हा उशिरा आला म्हणून मी ठेवला नव्हता. तो माझ्या चार्टाच्या विरुद्ध होता म्हणून ठेवला. आणि तो मी वाचलाही नव्हता.

‘‘माहीत होतं,’’ ती म्हणाली. ‘‘उशिरा आलेली बाकीच्यांची मॉडेलं लागली होती, बाई. मी मोजली होती.’’

हे मात्र सुलभानेही सांगितलं नव्हतं.

फिलोमिना रडली नाही, रागावली नाही, ती सरळ चार्ट तपासायला लागली. क्वेसार एकटे पुरावा नाहीत, साक्षीदार आहेत, ती म्हणाली. ‘सगळ्या काळी सारखंच’ म्हणणाऱ्यांची वाट लावली ती त्यांनी, आणि नंतर आणखी साक्षी दिल्या. लांबच्या क्वेसारचा उजेड वाटेत वायूच्या ढगांतून येतो, ढग त्यावर आपल्या रेघा उमटवतात. त्या रेघांवरून कळतं की तेव्हाचे ढग आजच्यापेक्षा गरम होते, म्हणजे विश्व तव्यासारखं निवत आलंय. त्यातला जड हायड्रोजनही मोजला, तर सुरुवातीच्या गरम रटरटीत जेवढा शिजायला हवा होता जवळजवळ तेवढाच निघाला. अगदी पहिल्या क्षणी काय झालं ते अजून कोणालाच नक्की ठाऊक नाही. मग तिने बत्त्यांच्या दाटीच्या वर बोट ठेवलं. त्याच्याही पलीकडे बघितलं तर बत्त्या पुन्हा कमी होत जातात, कारण तेव्हा होड्याच अजून बांधून व्हायच्या होत्या.

चार्टावर वरची चार बोटं जागा खरंच कोरी होती. मी भारावून विचारलं, तुला हे नववीत ठाऊक होतं?

‘‘छे हो बाई. कागद संपत आला आणि पिवळा रंगपण.’’

शेवटी मी जे विचारायला आले होते ते विचारलं. बाबा?

तिने मागच्या पडवीकडे मान वळवली.

आरामखुर्चीत एक वाळका माणूस बसला होता, गंजी, लुंगी, मांडीवर जाळ्याचा तुकडा. डोळ्यांनी बरं दिसतं, दोन्ही मोतीबिंदू काढलेत, कानाने मात्र ओरडावं लागतं, फिलोमिनाने सांगितलं. तिने बोंबलांच्या दोरीवरचे चिमटे काढले आणि दोन्ही चार्ट पडवीसमोर टांगले. तिचा मधे, माझा भिजलेला कडेला. मग कोपऱ्यातली वेताची काठी माझ्या हातात दिली. प्रदर्शनात आमच्या शाळेची पद्धतच होती, मुलाने चार्टाशेजारी छडी घेऊन उभं राहायचं आणि येईल त्या पाहुण्याला समजावून सांगायचं.

‘‘माझा पाहुणा आहे,’’ ती म्हणाली. ‘‘सांगा.’’

मी उभी राहिले. ओरडून सांगायला लागले. ही काठावरची पोरगी. ह्या लांबच्या बत्त्या. लांब म्हणजे जुन्या. अंगणातून रुमालवाला धावत आला, सायलेन्स, आंटी, उत्पत्ति का सीन है. मी म्हटलं, इथेही तोच चाललाय, तुम्हीच थांबा. ऋषी दाढी सावरत दोरीपाशी येऊन उभा राहिला. मी पुढे ओरडले. विश्व सारखंच असतं तर काठाजवळही बत्त्या असत्या. त्या नाहीत. म्हणजे विश्व पूर्वी वेगळं होतं, म्हणजे त्याला वय आहे.

म्हातारा पुढे वाकून बघत होता. चित्रातल्या होड्या त्याने बोटाने मोजल्या. मग काठाजवळच्या मोकळ्या पाण्यावर बोट ठेवलं.

‘‘इथं नसणारच बत्त्या,’’ तो म्हणाला. ‘‘काठाची मासली खाऊन संपली. खायला नाय तर बत्ती कशाला पेटवायची?’’

फिलोमिनाने माझ्याकडे बघितलं. क्वेसार विझले ते याच कारणाने. क्वेसारची बत्ती पेटते ती त्याच्या मधलं राक्षसी कृष्णविवर वायू गिळतं म्हणून, आणि गिळायला वायू उरला नाही. चार्टावर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या चार्टावर तर नव्हतंच नव्हतं.

‘‘बरोबर आहे,’’ मी ओरडले. पाहुण्याचं उत्तर आमच्यापेक्षा बरोबर असेल तर काय करायचं, हे आम्हाला बी.एड.ला शिकवलं नव्हतं.

मग तो माझ्याकडे बघत राहिला. बघणं लांबलं. मांडीवरचं जाळं त्याने खाली ठेवलं.

‘‘तू ती शाळेतली बाय ना? मी आलेलो. तू म्हणालीस, वेळेवर आलं नाय.’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘ती मीच.’’

‘‘मग आता तू कशी एवढी उशिरा?’’

अंगणात धूर सुटला, ऋषी पळत जागेवर गेला. पन्नास वर्षांपूर्वी मी ज्याची थट्टा केली होती तेवढंच एक कारण त्या क्षणी माझ्याजवळ होतं.

‘‘ओहोटी होती,’’ मी म्हटलं.

म्हाताऱ्याने मान हलवली, अगदी सावकाश, धंद्यातल्या माणसाला धंद्यातलं कळावं तशी. ‘‘ओहोटी असली तर कोण काय करनार,’’ तो म्हणाला, आणि पुन्हा चित्रातल्या होड्या बघायला लागला.

बापाने मला सोडून दिलं. फिलोमिनाने माझ्या पर्समधलं लाल पेन मागून घेतलं, माझा ओला चार्ट दोरीवर उलटा केला आणि कोपऱ्यात अर्धा मार्क कापला.